अर्जातील वाक्य : मराठी भाषकाच्या इंग्रजी लेखनातील लांबी व स्पष्टता

१. प्रश्नाचे स्वरूप

नोकरीसाठी केलेला अर्ज हा लेखनाचा अत्यंत लहान प्रकार आहे. त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा नाही, आणि भाषाभ्यासकांनीही त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तथापि पदवीधराच्या आयुष्यात त्याच्या इंग्रजी लेखनाची खरी कसोटी लागते ती बहुधा याच प्रकारात. परीक्षेतील निबंध वाचणारा परीक्षक तो शेवटपर्यंत वाचण्यास बांधलेला असतो. अर्ज वाचणाऱ्यावर तसे बंधन नसते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल येथील औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्याकडे, पतसंस्थेकडे अथवा पुण्या-मुंबईच्या कंपनीकडे गेलेला अर्ज पहिल्या दोन-तीन ओळींतच वाचला जातो किंवा बाजूला ठेवला जातो. त्या ओळींत उमेदवाराचे काम दिसले नाही, तर पुढे कितीही गुणवत्ता असली तरी ती झाकलेलीच राहते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने पंधरा वर्षे इंग्रजी वाचलेले असते. त्याला शब्द येतात, काळ ओळखता येतात, व्याकरणाचे नियमही पाठ असतात. तरीही त्याच्या अर्जातील वाक्य लांबते, गुंतते आणि नेमकी सांगावयाची गोष्ट सांगावयाची राहून जाते. हे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. याची कारणे निरनिराळ्या स्वरूपाची आहेत : काही ऐतिहासिक आहेत, काही मराठी व इंग्रजी यांच्या रचनेतील भेदातून निघतात, आणि काही आदर व्यक्त करण्याच्या रीतीशी निगडित आहेत. ही कारणे वेगवेगळी न पाहिल्यास ‘वाक्ये लहान लिहा’ हा उपदेश निष्फळ ठरतो.

२. अर्जाची परंपरा

‘अर्ज’ हा शब्दच मूळ अरबी असून तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याच्याबरोबर केवळ शब्द आला नाही. वरिष्ठापुढे उभे राहण्याची एक रीत आली. अर्थात पत्रातील मायन्यांची शिस्त मराठीला नवीन नव्हती. यादवकालीन हेमाद्रीच्या नावाशी जोडले जाणारे ‘मेस्तक’ हे लेखनाच्या रीतिनियमांचेच प्रकरण आहे. पुढे मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘विनंती विशेष’, ‘विज्ञापना ऐसी जे’ यांसारखे साचे रूढ झाले. पत्र कोणाचे कोणाला आहे, उभयतांत वडीलधाकटेपणा किती, हे मजकुरापूर्वीच या साच्यांनी ठरत असे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तो शब्दांचा कोश आहे. वाक्याचा विचार हा त्याचा विषय नव्हता. शब्द पालटणे आणि वाक्याची घडण पालटणे या दोन भिन्न सुधारणा आहेत, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय निर्माण झाले आणि शासनव्यवहारातील परिभाषेचे मोठे काम झाले. परंतु ‘आपणांस कळविण्यात येते की’ हा वाक्याचा सांगाडा तसाच राहिला. त्यात कळविणारा कोण हे कधीच कळत नाही.

लेखनाच्या साधनांचाही येथे संबंध आहे. दफ्तरातील मोडी लेखनात शब्द तोडून लिहिण्याची अथवा विरामचिन्हे घालण्याची पद्धत नव्हती. मजकूर एका धारेत चाले आणि वाचणारा अर्थाच्या अनुरोधाने तो मनात तोडून घेई. मराठीत विरामचिन्हांची व्यवस्था रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, छापील ग्रंथांबरोबर; तिचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी यांस दिले जाते. ‘वाक्य येथे संपले’ असे डोळ्याला दाखविणारा पूर्णविराम हा मराठी गद्यातील तसा अलीकडचा पाहुणा आहे.

दुसरा प्रवाह इंग्रजीतून आला. लांब व नम्रतेने ओथंबलेले अर्ज ही केवळ हिंदी मनाची उपज आहे, असे मानणे चुकीचे होईल. ब्रिटिश पार्लमेंटकडे करावयाच्या विनंतिअर्जांतही अर्जदार स्वतःस ‘हंबल’ म्हणवून घेई आणि आपण सदैव प्रार्थना करीत राहू, अशा अर्थाच्या ठराविक शब्दांनी अर्ज संपवी. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत फारसी अर्जाची नम्रता आणि इंग्रजी विनंतिअर्जाची नम्रता एकमेकींना भेटल्या. ‘आय बेग टु स्टेट’, ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’, ‘काइंडली डू द नीडफुल’ हे प्रयोग त्या भेटीचे अवशेष होत. इंग्लंडात ते मागे पडले. येथे नमुनापत्रांच्या पुस्तकांनी व टंकलेखकांच्या सवयीने ते जतन केले.

कोल्हापूरच्या बाबतीत या इतिहासाला आणखी एक पदर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच्या आदेशाने संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. ज्या घरांत पूर्वी कोणी लेखणी हाती धरली नव्हती, त्या घरांसाठी नोकरीचे दार उघडले. दाराशी पोहोचण्यासाठी मात्र लेखी अर्ज हवा होता, आणि अर्जाची भाषा ज्यांच्या हाती परंपरेने होती त्यांच्याकडूनच ती उसनी घ्यावी लागत होती. पहिल्या पिढीच्या शिक्षिताने उसना साचा जपून वापरावा, त्यातील एकही शब्द गाळू नये, हे स्वाभाविकच होय. आजही घरातील पहिला पदवीधर असलेला विद्यार्थी जुना नमुना अधिक निष्ठेने उतरवितो, यामागे अज्ञानापेक्षा ही सावधगिरी अधिक असते.

३. दोन भाषांची वाक्यरचना

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मातृभाषा व शिकावयाची भाषा यांच्या तुलनेवरून विद्यार्थ्याच्या अडचणी सांगता येतील, असे प्रतिपादन केले. पुढे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्याच्या चुकांकडे शिक्षणप्रक्रियेचा पुरावा म्हणून पाहावे, असे सुचविले. सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत हे आता मान्य आहे. तथापि वाक्याच्या लांबीच्या बाबतीत मराठीची रचना कोठे आड येते, हे नेमकेपणाने दाखविता येते.

पहिला भेद क्रियापदाच्या स्थानाचा. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये कितीही मजकूर आला तरी वाचक गोंधळत नाही. कारण प्रत्येक नामाचे नाते त्याच्या विभक्तिप्रत्ययाने अगोदरच सांगितलेले असते आणि क्रियापद लिंग-वचनाची खूण घेऊन शेवटी येते. इंग्रजीत हे नाते शब्दांच्या क्रमावर अवलंबून असते. तेथे कर्ता आला की वाचक लगेच क्रियापदाची वाट पाहू लागतो. दोहोंमध्ये दहा-बारा शब्द कोंबले, तर कर्ता विस्मरणात जातो. इंग्रजीत आखूड वाक्याचा आग्रह केवळ अभिरुचीचा नसून त्याला व्याकरणाचा असा आधार आहे.

दुसरा भेद ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूपांचा. ‘पदवी घेऊन, संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण करून, दोन वर्षे काम करून मी आता अर्ज करीत आहे’ हे मराठी वाक्य अगदी सरळ आहे. एका कर्त्याच्या क्रमाने घडलेल्या क्रिया मराठी अशा एका दोऱ्यात ओवते. विद्यार्थी प्रत्येक ‘-ऊन’ च्या जागी ‘हॅविंग’ ठेवतो. इंग्रजीत ‘हॅविंग’ व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु ते औपचारिक व जड आहे, आणि एकापुढे एक तीन वेळा आले की वाक्य लंगडते. मराठी ‘-ऊन’ चे खरे इंग्रजी प्रतिरूप बहुधा ‘अँड’ हे किंवा सरळ पूर्णविराम हे असते.

तिसरा भेद विशेषणात्मक रचनेचा. ‘मी काल वर्तमानपत्रात वाचलेली जाहिरात’ यात विशेषण नामाच्या आधी येते. इंग्रजीत हाच मजकूर नामाच्या पाठीमागे जातो आणि त्याबरोबर संबंधी सर्वनामांचे एक शेपूट येते. अशी दोन शेपटे एका वाक्यात जोडली गेली की मुख्य विधान हरवते.

काळाच्या बाबतीतील भेद लांबीचा नाही, पण स्पष्टतेचा आहे. ‘मी दोन वर्षांपासून काम करीत आहे’ याचे ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टू इयर्स’ असे रूपांतर सर्रास आढळते. मराठीत वर्तमानकाळ पुरेसा असतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेसाठी निराळी रूपयोजना लागते : ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स’. शिवाय मराठीतील ‘पासून’ हा एकच शब्द आरंभबिंदू आणि कालावधी दोन्ही दाखवितो; इंग्रजी त्यांसाठी ‘सिन्स’ व ‘फॉर’ असे दोन शब्द वापरते. उमेदवाराचा अनुभव ज्या वाक्यात आहे नेमके तेच वाक्य येथे डळमळते.

४. आदराचे व्याकरण

मराठीत आदर व्याकरणात वसलेला आहे. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ ही सर्वनामे, आदरार्थी अनेकवचन, आणि ‘कळवावे’, ‘यावे’, ‘विचार व्हावा’ यांसारखी विध्यर्थी रूपे यांमुळे एकही अधिक शब्द न घालता नम्रता व्यक्त होते. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. क्रियापदालाही आदराचा वेगळा प्रत्यय नाही. साहजिकच मराठी भाषकास इंग्रजी वाक्य उघडे, काहीसे उद्धट वाटते. व्याकरणात जे सापडत नाही ते तो शब्दांनी भरून काढतो : ‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली’, ‘हंबली’, ‘युअर गुड सेल्फ’. लांबीचे एक मोठे कारण या भरपाईत आहे, आणि ते दोष म्हणून नव्हे तर सद्हेतू म्हणून समजून घेतले पाहिजे.

विद्यार्थ्यास येथे असे सांगावे लागते की इंग्रजीत आदर नाही असे नाही. तो निराळ्या ठिकाणी असतो. ‘वुड’, ‘कुड’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे, एकदाच वापरलेला ‘प्लीज’, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचणाऱ्याच्या वेळेची कदर, यांतून तो प्रकट होतो. ‘आय वुड बी ग्लॅड टु कम फॉर अ‍ॅन इंटरव्ह्यू’ या वाक्यात पुरेसा विनय आहे.

याला एक तात्त्विक बाजूही आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय सेवायोजनात सर्व नागरिकांस समान संधीची हमी दिली आहे. शासकीय पदासाठी अर्ज करणारा आज याचक नाही. तो एका हक्काचा वापर करीत आहे. खाजगी आस्थापनेतही अर्ज हा दोन पक्षांतील व्यवहाराचा प्रस्तावच असतो. तेव्हा ‘आय बेग’ हे शब्द गळतात ते केवळ संक्षेपासाठी नव्हे. ज्या संबंधातून ते शब्द जन्मले, तो संबंधच उरलेला नाही.

५. एका अर्जाची चिकित्सा

वरील सर्व प्रवृत्ती एकत्र कशा येतात हे पाहण्यासाठी प्रचलित धाटणीवर रचलेले एक वाक्य घेऊ : ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट हॅविंग कम टु नो फ्रॉम द न्यूजपेपर दॅट अ पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट इज लाइंग व्हेकंट अंडर युअर काइंड कंट्रोल, आय, हॅविंग पास्ड बी.कॉम. फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी अँड हॅविंग एक्सपीरियन्स ऑफ टू इयर्स, ऑफर मायसेल्फ अ‍ॅज अ कँडिडेट फॉर द सेम.’

या वाक्यात ४९ शब्द आहेत. व्याकरणाची ठळक चूक शोधू गेल्यास ती फारशी सापडत नाही. ‘हॅविंग’ तीन वेळा आले आहे. दुसरा ‘आय’ आणि त्याचे क्रियापद ‘ऑफर’ यांच्यामध्ये १२ शब्द आहेत. पहिल्या २८ शब्दांत उमेदवाराविषयी काहीही नाही. जागा रिकामी आहे हे मालकालाच सांगितले आहे, जे त्याला अगोदरच ठाऊक आहे. पण खरा दोष याहून खोल आहे. दोन वर्षांचा अनुभव कशाचा, कोठला, हे संपूर्ण वाक्यात सांगितलेलेच नाही. वाक्याच्या लांबीने ही उणीव झाकली आहे, आणि ती लिहिणाऱ्याच्याही ध्यानात आलेली नाही.

हाच मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘आय अ‍ॅम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट. आय हॅव अ कॉमर्स डिग्री फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी. फॉर टू इयर्स आय हॅव केप्ट द अकाउंट्स ऑफ अ कोऑपरेटिव्ह डेअरी सोसायटी. आय प्रिपेअर बिल्स फॉर द मेंबर्स अँड चेक देम अगेन्स्ट द डेली मिल्क रजिस्टर.’

येथे ४४ शब्द आहेत. म्हणजे एकूण मजकूर थोडाच आखडला. मात्र प्रत्येक वाक्यात एक विधान आहे, कर्त्याजवळच क्रियापद आहे, आणि शेवटच्या दोन वाक्यांत मूळ वाक्यात नसलेली माहिती आली आहे. ही माहिती कोठून आली? वाक्य तोडल्यामुळे ‘कोणता अनुभव?’ हा प्रश्न उघडा पडला आणि त्याचे उत्तर देणे भाग झाले. आखूड वाक्याचा मुख्य लाभ वाचकापेक्षाही लेखकाला होतो तो असा. त्याला स्वतःच्या विचारातील रिकामी जागा दिसते.

६. आखूडपणाची मर्यादा

एवढ्यावरून आखूड वाक्य म्हणजेच स्पष्ट वाक्य, असे समीकरण मांडणे मात्र धोक्याचे आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये व रॉबर्ट गनिंग यांनी १९५२ मध्ये वाक्यातील शब्द व शब्दांची लांबी मोजून सुबोधतेचा अंक काढण्याची सूत्रे दिली. ती उपयुक्त आहेत. पण ती केवळ बाह्यांग मोजतात. ‘आय अ‍ॅम सिन्सिअर. आय अ‍ॅम हार्डवर्किंग. आय अ‍ॅम अ टीम प्लेअर.’ ही वाक्ये आखूड आहेत, शुद्ध आहेत, आणि त्यांतून काहीच कळत नाही. कोणताही उमेदवार ती लिहू शकतो; म्हणून ती कोणाचीच नाहीत. जे विधान खोटे ठरू शकेल इतके नेमके आहे, तेच अर्जात उपयोगाचे.

तसेच कार्यकारणसंबंध असलेल्या दोन गोष्टी तोडून टाकल्या तर अर्थ दुबळा होतो. ‘बिकॉज’, ‘ऑलदो’, ‘व्हेन’ हे शब्द लांबीचे शत्रू नव्हेत. लांब वाक्य दोन प्रकारचे असते : एक, ज्यात अनेक गोष्टी नुसत्या एकापुढे एक मांडलेल्या असतात, दुसरे, ज्यात त्यांचे परस्परसंबंध सांगितलेले असतात. पहिले तोडावे, दुसरे राखावे.

कार्यालयीन भाषेतील दुर्बोधता ही एका देशाची किंवा एका भाषेची व्याधी नाही. अर्नेस्ट गावर्स यांनी १९४८ साली ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले ते ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी, म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी होती अशांसाठी. अमेरिकेने २०१० मध्ये शासकीय लेखनाच्या सुबोधतेचा कायदा केला, आणि २०२३ मध्ये सुबोध भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणकही प्रसिद्ध झाले. रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये प्रत्येक संस्कृतीच्या विचाराची वळणे लेखनात उतरतात असे मत मांडले होते. त्यावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. मराठी माणूस वळणे घेतच विचार करतो, असा निष्कर्ष कोणी काढू पाहील तर त्यास सर्वांत सबळ उत्तर मराठी बोलीच देते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील उमेदवारास मराठीत, तेही घरच्या बोलीत, ‘काय करतोस?’ असे विचारले असता तो म्हणेल : ‘बी.कॉम. झालंय. दोन वर्सं दूध संस्थेत हिशोब लिवतोय. बिलं मीच काढतोय.’ तीन वाक्ये, तीन विधाने. कर्ता स्पष्ट, क्रियापद स्पष्ट, आणि ‘मीच’ या एका शब्दात जबाबदारीची जाणीव. कोल्हापुरी बोलीचा हा रोखठोकपणा सर्वश्रुत आहे. म्हणजे आखूड व स्पष्ट वाक्य विद्यार्थ्याला मुळात येतेच. हातात कागद आला की तो ते बाजूला ठेवतो, आणि ‘लेखी भाषा’ म्हणून जी त्याला दाखविली गेली ती उचलतो.

यावरून अध्यापनाचा क्रम सुचतो. प्रथम विद्यार्थ्याने आपले काम तोंडी, मराठीत सांगावे. मग त्यातील विधाने एकेका ओळीवर लिहावीत. प्रत्येक विधानाला ‘कोणी?’, ‘काय?’, ‘किती?’, ‘कोठे?’ हे प्रश्न विचारून पोकळ जागा भराव्यात. त्यानंतर प्रत्येक ओळीचे एक इंग्रजी वाक्य करावे. ‘-ऊन’ दिसेल तेथे पूर्णविराम देऊन पाहावा. आणि ज्या दोन वाक्यांत खरोखर कारणाचे किंवा काळाचे नाते आहे, तेवढीच पुन्हा जोडावीत. आदराचे शब्द सर्वांत शेवटी, एकदाच घालावेत. रजेचा अर्ज, बँकेला लिहावयाचे पत्र, दूरध्वनीवरील निरोप, या नित्याच्या इंग्रजीलाही हीच पद्धत लागू पडते.

या क्रमात मराठी ही अडथळा म्हणून येत नाही, साधन म्हणून येते. इंग्रजीच्या तासाला मातृभाषेस मज्जाव करण्याची जी प्रथा अनेक ठिकाणी आहे, तिच्या योगाने विद्यार्थ्याची सर्वांत स्पष्ट वाक्ये वर्गाबाहेर राहतात आणि नमुनापुस्तकातील सर्वांत अस्पष्ट वाक्ये आत येतात. अर्जाची भाषा सुधारावयाची तर प्रथम हा व्यवहार उलटा करावा लागेल. शब्दसंग्रह वाढविण्याचे व व्याकरण पक्के करण्याचे काम त्यानंतरही राहतेच. पण ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विधानांवर होईल, उसन्या साच्यावर नव्हे.